सिंथेटिक अपर्चर रडारला 'कृत्रिम छिद्र' नको

प्रश्न असा आलाय की छोट्या ड्रोनवरून रडारने जमिनीचं चित्र घेतात त्यावर मराठीत लेख लिहायचाय, तर 'सिंथेटिक अपर्चर रडार'ला 'कृत्रिम छिद्र रडार' म्हटलं तर चालेल का, आणि मिळणाऱ्या चित्राला फोटो म्हणावं का.

'कृत्रिम छिद्र' कृपया नको. छिद्र हा अर्थ कॅमेऱ्याकडून आलाय, तिथे उजेड आत यायला खरंच भोक असतं. रडारमध्ये अपर्चर म्हणजे अँटेनाचा पसारा, तो जितका लांब तितकं बारीक दिसतं. आता छोट्या ड्रोनवर मावणार किती, समजा ३० सेंटिमीटर. लहरींची लांबी ३ सेंटिमीटर धरली तर १ किलोमीटरवर झोत पसरून जवळपास १०० मीटर रुंद होतो, म्हणजे त्या रुंदीतलं सगळं एकात एक मिसळणार. म्हणून ड्रोन पुढे सरकता सरकता पल्स, म्हणजे रेडिओलहरींचे छोटे ठोके, सोडत राहतो, प्रत्येक ठिकाणी आलेला प्रतिध्वनी फेजसकट, म्हणजे लहर तिच्या चढउतारात नेमकी कुठे होती त्यासकट, नोंदवतो, आणि नंतर कॉम्प्युटर ह्या सगळ्या नोंदी अशा जुळवतो की जणू त्या सबंध वाटेएवढा लांब अँटेना होता. तपशील मग, तत्त्वतः, खऱ्या अँटेनाच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत जातो, इथे १५ सेंटिमीटर, आणि अंतर वाढलं तरी तेवढाच राहतो. अमेरिकन अभियंते कार्ल वायलींनी १९५१ मध्ये ह्याचं मूळ मांडलं.

ह्यात नकली काहीच नाही, तुकडे सांधलेत. सिंथेसिसचा मूळ अर्थही एकत्र मांडणं असाच आहे, पण आपल्याकडे सिंथेटिक म्हटलं की कापड आठवतं आणि तिथून 'कृत्रिम' येतं. कोरीव, घडीव तसं 'सांधीव अँटेना रडार' मला फार आवडेल, कारण ड्रोनची खरी अडचण सांध्यातच आहे. वाऱ्याच्या झोताने ड्रोन वाटेवरून काही मिलिमीटर हलला आणि ते हिशेबात धरलं नाही तरी फेज बिघडते, चित्र फिसकटतं, साधं जीपीएस तर मीटरच्या हिशेबात चुकतं, मग ड्रोनची हालचाल मोजणारा इनर्शियल सेन्सर जोडा, वर ऑटोफोकस, म्हणजे उरलेली फेजची चूक प्रतिमेवरूनच शोधून सुधारणारा हिशेब, चालवा. लेखात एकदा सांधीव म्हणून समजावा, पुढे एसएआर, म्हणजे इंग्रजी नावाची आद्याक्षरं, लिहा. 'सार' मात्र लिहू नका, सारांश वाटतो.

फोटोही नको, 'रडार प्रतिमा' म्हणा. ढग असोत, अंधार असो, ती मिळते, पण तिच्यात रंग नसतात, प्रतिध्वनी किती जोरात परत आला तेवढंच असतं. रडार तिरकं बघतं म्हणून संथ पाणी काळं दिसतं, लहर आदळून पलीकडेच निघून जाते. उंच इमारतीचा माथा पायथ्यापेक्षा रडारला जवळ पडतो, म्हणून प्रतिमेत इमारत रडारच्या बाजूला आडवी झालेली दिसते, आणि खाली 'फोटो' लिहिलेलं असेल तर वाचणारा ती कललीय असंच समजेल.