खिडकी डावीकडची घ्या, पण आधी कार्ड फेडा

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघे दिल्लीहून सकाळच्या विमानाने बागडोगराला जाऊन परत येणार आहोत. तिकिटं क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर फुकट मिळाली, साधारण १८,००० रुपयांची. हिमालय दिसावा म्हणून मधल्या 'जास्त लेगरूम'च्या खिडक्या घ्याव्यात का? प्रत्येकी १,२०० रुपये आहेत. मागच्या रांगांत ३००. पॉइंट्ससाठी घरचा सगळा ३५,००० खर्च कार्डावर करतो, दरमहा बेचाळीस हजारांच्या आसपास भरतो, तरी थकबाकी १.८० लाखावरून हलत नाही. २.५० लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही.

उत्तर: मधल्या रांगा घेऊ नका. लेगरूम मिळते ती आणीबाणीच्या दारामुळे, आणि एअरबस ए३२० विमानात ते दार पंखावरच असतं. १,२०० रुपये देऊन पंख बघाल.

जाताना विमान पूर्वेकडे जातं, डोंगर उत्तरेला. म्हणजे डावी बाजू, 'ए' अक्षराची सीट. येताना उजवी, 'एफ'. नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, त्यामुळे दोन्ही वेळा ऊन डोळ्यांवर येत नाही. पंखाच्या बऱ्याच मागे तिघांनी एकामागोमाग एक तीन 'ए' घ्या. शेजारी-शेजारी बसलात तर खिडकी एकालाच. मागे इंजिनाच्या गरम हवेने खालचं दृश्य थरथरतं, पण शिखरं जवळपास नजरेच्या पातळीत असतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. पंखाच्या पुढची रांग त्याच भावात मिळाली तर ती जास्त चांगली. खिडकी आणि सीट दर वेळी एका रेषेत येतेच असं नाही. ३०० रुपयांत ती हमी नसते, १,२०० रुपयांतही नसते. एव्हरेस्ट आणि कांचनजंगा शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात दिसतात, तेव्हा झोपू नका. जाऊन-येऊन १,८०० रुपये लागतील. तुमच्या बेताने ७,२०० लागले असते.

आता वाचलेल्या ५,४०० रुपयांचं कौतुक पुरे. थकबाकी का हलत नाही, ते बघू.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा (तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर छापलेला असतो). १.८० लाखावर ६,३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी: सुमारे ७,४००. तुमचे बेचाळीस हजार म्हणजे या महिन्याचा खर्च अधिक व्याज. मुद्दलात एक रुपया जात नाही. वर्षाचे जवळपास ८९,००० रुपये होतात, आणि त्याच्या बदल्यात १८,००० ची 'फुकट' तिकिटं. कार्ड विकताना हे गणित कोणी मांडून दाखवत नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे मागची थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज भरलेल्या किराण्याच्या बिलावर आजपासूनच व्याज लागतं. दीड-दोन टक्क्यांच्या पॉइंट्ससाठी महिन्याला चार टक्के, याला मी बचत म्हणणार नाही.

आणि ती एफडी? सात टक्क्यांनी १.८० लाखावर वर्षाला १२,६०० मिळतात, त्यातूनही कर जातो. मोडल्यावर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापेल, म्हणजे वर्षाला फार तर १,८००. एका आठवड्याचं कार्डाचं व्याज जवळपास तेवढंच होतं! एफडीची मुदत महिन्या-दोन महिन्यांत संपत असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडीच्या तारणावर बँकेचं कर्ज) घ्या, नाहीतर याच आठवड्यात मोडा आणि थकबाकी फेडा. उरलेले ७०,००० अडीअडचणीला ठेवा.

थकबाकी पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज येईल. ते मधल्या दिवसांचं असतं, घाबरू नका, तेही पूर्ण भरा. ऑटो-डेबिट लावताना 'किमान देय' नको, 'एकूण देय' निवडा. कितीतरी जण इथेच फसतात. 'थकबाकीचे हप्ते करून देतो' असा फोन येईल. पैसे हातात असताना त्याची गरज नाही. दरमहा मोकळे झालेले ७,४०० रुपये आवर्ती ठेवीत टाकलेत तर दोन वर्षांत एफडी पुन्हा जागेवर येते.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी उरलेले पॉइंट्स वापरा, मग लेखी विनंती करा. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. उशीर झाला तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो.

सीटचे १,८०० रुपये यूपीआयने भरा.