ग्रॉसमंटला चाललायस? तिन्ही किल्ले एका दिवसात उरकू नकोस

अरे पहिल्यांदाच जातोयस ना, मग घाई नको करू, वेल्समधले ग्रॉसमंट, स्केनफ्रिथ आणि व्हाइट कॅसल हे तीन किल्ले जोडणारी पायवाट जवळपास ३० किलोमीटरची आहे आणि बरीचशी शेतांतून जाते, पाऊस पडला की चिखल जाम होतो, त्यामुळे बूट चांगले घाल. ग्रॉसमंटचा किल्ला गावातच आहे, १४०५ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वेल्श नेत्याच्या, ओवेन ग्लिनडूरच्या, सैन्याचा पराभव याच गावात झाला. पण माझा जीव व्हाइट कॅसलवर, खंदकात अजून पाणी आहे, आणि भिंतीच्या अगदी जवळ जाऊन बघ, पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटलेले दिसतील, नाव त्यावरूनच पडलं. स्केनफ्रिथला मन्नो नदीकाठचा गोल बुरूज बघ, आणि चर्चमधला जुना भरतकामाचा झगाही.