मायांग बाहेर येते, म्हणून पिशवी काढायचीच का?

मायांग, म्हणजे योनिमार्गातून अंग बाहेर येणे, याविषयी सोलापूरच्या पूर्व भागातून एका भगिनीने लिहिलेले पत्र थोडक्यात असे:

"ताई, माझे वय 54. चार बाळंतपणे झाली, त्यातली पहिली दोन घरीच. लग्न होऊन आले तेव्हापासून विड्या वळते. पाळी जाऊन पाच वर्षे झाली. दोन वर्षांपासून मायांग खाली येते. सकाळी काही नसते, पण मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसले की संध्याकाळी गोळा बाहेर जाणवतो, निजले की आत जातो. बोटाने आत सारल्याशिवाय लघवी पुरती होत नाही. शेजारीण म्हणते, ही कॅन्सरची गाठ असते. एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांत पिशवी काढून टाका असे सांगितले आहे. धाकटीचे लग्न गड्ड्याच्या जत्रेनंतर करायचे आहे. मालकांना यातले काही सांगितलेले नाही. मी काय करू? अधूनमधून कापडाला लालसर डाग लागतो, तो घासल्यामुळे असावा."

भगिनी, तुमच्या पत्रातील बहुतेक सगळी भीती त्या गोळ्याची आहे आणि डागाचा उल्लेख शेवटच्या एका ओळीत आला आहे. मी हा क्रम उलटा लावते. जो गोळा आडवे झाल्यावर आत जातो आणि दिवस कलला की खाली येतो, ती बहुधा गाठ नसते. आपल्या जागेवरून घसरलेला शरीराचाच भाग असतो. मात्र पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यानंतर अंगावरून रक्त जाणे, मग तो डाग नखाएवढा का असेना, तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. तुमचा अंदाज खरा ठरू शकतो, कारण बाहेर आलेल्या भागाची त्वचा कोरडी पडते, कापडाला घासते आणि तिथे व्रण होतो. तरीही गर्भपिशवीच्या आतील अस्तर आणि पिशवीचे तोंड ठीक आहे, हे सोनोग्राफीने, तोंडावरचा नमुना घेऊन आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासून ठरवावे लागते. हे काम याच आठवड्यात करा. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतरचा. ही तपासणी न करताच पिशवी काढायची तारीख कोणी देत असेल, तर ती घेऊ नका.

आता गोळ्याविषयी. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि बंधांची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भपिशवी, मलाशय हे तिच्या आधारावर असतात. बाळंतपणात, विशेषतः कळा फार लांबल्या किंवा बाळ मोठे असले तर, ही झोळी ताणली जाते किंवा कडेने सुटते. पाळी गेल्यावर संप्रेरके कमी होतात, ऊती पातळ होतात आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची इजा तेव्हा कुठे दिसू लागते. पुढची भिंत सैल झाली की मूत्राशय खाली उतरते आणि लघवी अडते. तुम्हाला बोटाने गोळा सारावा लागतो तो बहुधा यामुळे. मागची भिंत सैल झाली की शौचाला असाच त्रास होतो. म्हणजे तुम्ही ज्याला पिशवी समजता, तो गोळा कदाचित मूत्राशयाचा असेल आणि त्यासाठी पिशवी काढणे हे पूर्ण उत्तर होणार नाही.

हे किती गंभीर आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. जिवाला यापासून सहसा धोका नसतो आणि पंधरा दिवसांची घाई करण्यासारखे तर यात बहुतेक वेळा काहीच नसते. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत अवयव आतल्या आतच थोडा उतरलेला असतो, चौथीत तो पूर्ण बाहेर असतो. पण उपचार केवळ पायरीच्या आकड्यावर ठरत नाहीत, त्रास किती होतो यावर ठरतात. लघवी अजिबात न होणे, गोळा आत जायचा बंद होऊन तो काळानिळा दिसणे किंवा दुखणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग, यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फार दिवस पूर्ण बाहेर राहिलेल्या अंगामुळे लघवीच्या नळ्यांवर ताण येऊन मूत्रपिंडांना सूज येऊ शकते, म्हणून सोनोग्राफीत मूत्रपिंडे आणि लघवी करून झाल्यावर आत उरलेली लघवी, दोन्ही पाहायला सांगा.

शस्त्रक्रियेशिवाय दोन मार्ग आहेत आणि ते तुमच्यासमोर कोणी ठेवलेच नाहीत, याचा मला राग येतो. पहिला मार्ग व्यायामाचा. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच आवळायचे, काही क्षण धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, निदान चार महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच ती अडवून हा व्यायाम करू नये. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर याचा चांगला उपयोग होतो. तुमचे अंग बाहेर येत असल्याने ते व्यायामाने परत वर जाईल असे मी सांगणार नाही, पण जडपणा कमी होईल.

दुसरा मार्ग रिंग पेसरीचा. सिलिकॉनची ही कडी योनिमार्गात बसवली की अवयव वर उचलून धरते. माप योग्य असेल तर ती आत असल्याचे जाणवतही नाही. बसवल्यावर लगेच घरी न जाता तिथेच चाला, खाली बसा, खोका आणि लघवी होते का पाहा. निसटली किंवा टोचली तर माप बदलून मिळते. काही महिन्यांनी ती काढून धुवावी लागते आणि आत जखम नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे लागते. कोरडेपणासाठी संप्रेरकाचे मलमही देतात, पण डागाचे कारण कळेपर्यंत ते लावू नका. व्रण असेल, तर तो भरल्यावरच कडी बसते. लग्नघर पार पाडायला हा मार्ग तुम्हाला सोयीचा पडेल असे मला वाटते.

शस्त्रक्रिया करायची झालीच, तर डॉक्टरांना नेमके विचारा: कोणता अवयव उतरला आहे, आधार कशाला बांधणार आणि पिशवी काढण्याची गरज का आहे? नुसती पिशवी काढली आणि सैल आधार तसाच ठेवला, तर पुढे योनिमार्गाचा वरचा भागच खाली येऊ शकतो. पिशवी ठेवून ती वर बांधण्याच्या पद्धतीही आहेत. गर्भपात टाळण्यासाठी पिशवीच्या तोंडाला टाका घालणारे म्हणून जगभर ओळखले गेलेले डॉ. शिरोडकर यांच्या नावाची अशी एक पद्धत आहे. तुमच्या वयात पिशवी काढणे हाही रास्त निर्णय असू शकतो, पण तो धाकाने घेतलेला नसावा. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याची बाब समोर आली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली; त्यांतल्या कित्येकींना कॅन्सरचीच भीती घालण्यात आली होती. शस्त्रक्रियेनंतर त्रास पुन्हा उद्भवू शकतो, शिवाय आधी न गळणारी लघवी खोकताना गळू लागते असेही काही जणींना होते, हेही आधीच समजून घ्या.

दुसरे मत घ्यायला सिव्हिलच्या स्त्रीरोग विभागात जा. तिथे वैद्यकीय महाविद्यालयाचे तज्ज्ञ असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया कशी बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. तपासताना आडवे करूनच पाहिले, तर जोर लावून किंवा उभे राहून दाखवते असे स्वतः म्हणा. निजल्यावर तुमचा त्रास दिसणारच नाही.

तंबाखूच्या धुळीने खोकला होत असेल, तर तो अंगावर काढू नका. प्रत्येक खोकल्यासरशी तळावर दाब येतो, आणि दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यात थुंकी तपासून घेणे तसेही आवश्यक असते. शौचाला कुंथू नका. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या आणि पुरेसे पाणी यांनी भागले नाही तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्या. कापडाची घट्ट लंगोट बांधण्याची पद्धत अनेक जणींत आहे. त्याने त्वचा सोलते, म्हणून मऊ सुती कापड सैलच ठेवा.

राहिला प्रश्न मालकांना सांगण्याचा. सांगाच. नळाला पाणी येते त्या दिवशी भरलेल्या घागरी आणि बादल्या तुम्ही उचलायच्या नाहीत, आणि कारण कळल्याशिवाय घरात ते काम दुसरे कोणी अंगावर घेणार नाही. शरीरसंबंधाने हा आजार वाढत नाही आणि त्यांना यातून काही लागतही नाही, एवढेही त्यांना सांगा. मात्र डागाची तपासणी होईपर्यंत थांबलेले बरे. स्वतः बोलणे जड जात असेल, तर तपासणीच्या दिवशी त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर समजावून सांगायला लावा.