प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ‘एकसारखे’ मानले तर पाउलीचा नियम जास्त जाचक होतो का?

नाही होत. (दोन एकसारखे कण एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, हा पाउलीचा नियम.) प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही न्यूक्लिऑन या एकाच कणाची दोन रूपे मानली, तर त्यांनाही एका अवस्थेत एकत्र बसायला मनाई होईल, ही तुमची शंका रास्त आहे. पण अवस्था मोजल्या की ती फिटते.

ऑक्सिजन-१८ घ्या. ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉनचा भरलेला गाभा बाजूला ठेवला की २ न्यूट्रॉन उरतात. दोघेही डी-५/२ कक्षेत धरा, म्हणजे प्रत्येकाचा कोनीय संवेग ५/२. तिथे एमच्या (कोनीय संवेगाच्या एका दिशेतल्या घटकाच्या) किमती सहा: ५/२, ३/२, १/२ आणि त्यांच्याच ऋण किमती. दोघांचा एम सारखा चालत नाही, म्हणून जोड्या १५. सर्वांत मोठी बेरीज ५/२ + ३/२ = ४, तेव्हा दोघांचा एकूण कोनीय संवेग जे = ५ बाद. बेरीज ३ देणारी जोडी एकच (५/२, १/२), ती जे = ४ च्या वाट्याला गेली; जे = ३ ला काही उरले नाही. असेच खाली उतरत गेलात की जे = ४, २, ० एवढेच हाती येते; प्रत्येक जेच्या २जे + १ अवस्था, म्हणून ९ + ५ + १ = १५.

आता फ्लोरिन-१८: एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. जोड्या ६ × ६ = ३६, जे ० ते ५ सगळे. प्रोटॉन की न्यूट्रॉन हे सांगणाऱ्या आयसोस्पिनच्या भाषेत न्यूक्लिऑनच्या अवस्था १२, त्यांतून २ निवडायच्या तर ६६ जोड्या. आणि दोन न्यूट्रॉनांच्या १५, दोन प्रोटॉनांच्या १५, मिश्र ३६ यांची बेरीजसुद्धा ६६च. एकही अवस्था गमावली नाही. अट फक्त अशी होते की या कक्षेत जे + टी (टी म्हणजे एकूण आयसोस्पिन) विषम हवा: सम जेला टी = १, विषम जेला टी = ०.

१९३२मध्ये हायझेनबर्गने आणलेली आयसोस्पिनची कल्पना ही नुसती हिशेबाची सोय होती असे मात्र समजू नका. केंद्रकीय बल दोघांना जवळजवळ सारखेच वागवते, म्हणून ऑक्सिजन-१८च्या ०, १.९८, ३.५५ एमइव्ही (केंद्रकीय ऊर्जेचे एकक) या ऊर्जापातळ्या फ्लोरिन-१८मध्ये पुन्हा भेटतात, १.०४ एमइव्हीपासून वर मोजल्यावर. फ्लोरिनची तळपातळी मात्र जे = १, टी = ०; ऑक्सिजनमध्ये तिला जागाच नाही. (या तळपातळीत इतर कक्षांची भेसळ बरीच असते, १.१२ एमइव्हीची जे = ५ पातळी जास्त शुद्ध.)

प्रत्यक्ष गणितात चूक होते ती प्रसामान्यीकरणात, म्हणजे अवस्थेची एकूण संभाव्यता १ ठेवण्यात. एकाच कक्षेतले दोन न्यूट्रॉन क्लेब्श-गॉर्डन गुणकांनी (कोनीय संवेग जोडताना लागणाऱ्या गुणकांनी) जोडून सर्व एमवर बेरीज घेतली की प्रत्येक जोडी दोनदा येते. १/√२ने गुणायचे राहिले तर बलाच्या मॅट्रिक्समधले कर्णावरचे मूल्य थेट दुप्पट निघते आणि बल फार आकर्षक असल्याचा भास होतो. दोन न्यूट्रॉन वेगळ्या कक्षांत असतील तर हा गुणक लावायचा नाही.