मावा आणि सुगंधी तेलं: आधी एवढं बघा

पिकाचा रस शोषणाऱ्या माव्यावर, म्हणजे त्या बारीक किडीवर, पुदिना किंवा लवंगेचं तेल फवारायचं म्हणताय, तर आधी एक लक्षात घ्या: हे मारायचं औषध नव्हे, पळवायचं. मावा मिशांनी वास घेत पीक शोधतो. तेलाच्या उग्र वासाने तो गोंधळतो. म्हणून पंखवाले मावे नुकते उतरू लागलेत तेव्हाच फवारा. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, माव्याचा थर बसून पानं चिकट झाल्यावर वासाने काही हलत नाही.

तेल पाण्यात मिसळत नाही, इथेच नवखे फसतात. 5 मिली तेल आधी थोड्या द्रवसाबणात घोटा, दुधासारखं झालं की लिटरभर पाण्यात घाला. पंप मध्ये मध्ये हलवत राहा, तेल वर तरंगतं. मी एकदा हलवलाच नाही. शेवटच्या ओळीतली गव्हाची पानं टोकापासून करपली. त्यामुळे आधी चार-पाच रोपांवर मारून दोन दिवस थांबा.

फवारणी संध्याकाळीच, पानांच्या खालून. वास लवकर उडतो, पुन्हा मारावं लागतं. निंबोळी तेल यात धरू नका, ते उडून जाणारं तेल नाही, त्याचं काम वेगळं. आणि लेडीबर्डच्या (ठिपक्यांच्या छोट्या भुंग्याच्या) अळ्या दिसल्या तर पंप खाली ठेवा, त्या फुकटात मावा खातायत.