जाऊबाईंची बादली आणि दिवाणखान्यातला काळा फोन

प्रश्न : आमच्याकडे १९८७ पासून लँडलाइन आहे. मी ७२ वर्षांची, यजमान ८० चे. त्यांना कानात यंत्र लागतं. मोबाइलवर त्यांना धड ऐकू येत नाही, पण दिवाणखान्यातल्या काळ्या, चकतीच्या फोनवर मुलीशी रोज रात्री नऊला निवांत बोलतात. पावसाळ्यात मात्र लाइनवर खरखर सुरू होते. आता गल्लीत फायबरवाला आला आहे. त्याचं बिल आत्ताच्या निम्मं पडेल, वर इंटरनेट. पण माझ्या जाऊबाईंनी तेच कनेक्शन घेतल्यापासून त्यांचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातो. स्वस्ताच्या नादात आवाज गमावून बसू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंना एवढंच विचारा की त्या बोलतात कशावर? रिसीव्हर कानाला लावून, की मोबाइलमध्ये कंपनीचं अ‍ॅप टाकून, स्पीकर चालू ठेवून, पोळ्या लाटता लाटता? मला या दोहोंतली दुसरी शक्यता वाटते. स्पीकरवर बोललं की भिंतींवरून परतणारा आवाजही माइकमध्ये शिरतो, आणि प्रतिध्वनी दाबायच्या खटपटीत यंत्र शब्दाचं शेपूटही कापतं. बादली तिथे तयार होते, बिलात नाही.

टेलिफोन खात्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यातली बरीचशी खड्ड्यात वाकून ओले सांधे कोरडे करण्यात. तुमची पावसाळी खरखर म्हणजे असाच एखादा सांधा. तांब्याच्या तारेवर माझी माया आहे, हे कबूल करतो. पण ती तार एक्स्चेंजपर्यंतच. तिथून पुढे तुमचा आवाज कित्येक वर्षं आकड्यांच्या रूपातच जातो आहे : सेकंदाला ८,००० वेळा मोजलेला, ६४ किलोबिटचा. फायबरवाल्यालाही अगदी हेच देता येतं. एखादा मात्र जागा वाचवायला आवाज ८ किलोबिटमध्ये दाबून बसवतो. तो समजतो, पण सपाट लागतो, आणि वाटेत दोनदा दाबला-उलगडला गेला तर पत्र्यासारखा वाजतो. जुन्या फोनवरही ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच, म्हणजे आवाजाचा मधला पट्टाच जायचा, ‘स’ची बारीक शीळ बाहेरच राहायची, म्हणून तर आपण आडनाव सांगताना ‘स समईचा’ म्हणत आलो. दोन्ही टोकांना सोय असेल तर नव्या फोनवर तो ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे जुन्यापेक्षा सरस. हे लिहिताना मला थोडं जडच जातंय.

आता शब्द गिळण्याचं. फायबरवर आवाज छोट्या छोट्या पुडक्यांतून जातो. एखादं पुडकं उशिरा पोचलं तर पलीकडचं यंत्र ते टाकून देतं, थांबत नाही. एका बाजूने जायला १५० मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागू लागला की ‘हं, तू बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होतं. माझ्या घरी दोन महिने हे चाललं होतं. मी त्या कंपनीशी रोज भांडायचो. शेवटी एक पोरसवदा तंत्रज्ञ आला, त्याने फ्रिजमागे ठेवलेला राउटर, म्हणजे फायबरची पेटी, बाहेर काढला आणि माझा फोन वाय-फायवरून काढून त्याच पेटीच्या मागच्या फोनच्या खाचेत वायरने जोडला. दुखणं तिथेच संपलं. ३१ वर्षांच्या नोकरीनंतर हे मला सुचलं नाही, ते नातवाला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून तुमचा फोन त्या खाचेतच लावून घ्या. जुना फोन बंद केल्यावर तंत्रज्ञ घरातली जुनी वायर वापरणार असेल तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी सोडवायला सांगा. तिच्यावर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असतात, ते नव्या पेटीत शिरायला नकोत. चकतीच्या फोनवर आलेला कॉल घेता येईल, पण चकती फिरवून नंबर लागेलच असं नाही. बऱ्याच पेट्यांना फक्त बटणांची भाषा कळते. नवा फोन घ्यावा लागला तर दुकानात यजमानांना सोबत न्या. त्यांच्या कानयंत्राला ‘टी’ची (रिसीव्हरमधल्या चुंबकातून आवाज थेट पकडायची) सोय असेल तर ती चालू करून रिसीव्हर कानाला लावून पाहू दे. सगळ्या रिसीव्हरांशी ती जुळत नाही, आणि आवाजाची निम्मी लढाई तिथेच जिंकली-हरली जाते.

विजेचं पाहा. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून मिळते. फायबरमधून नुसता प्रकाश येतो, म्हणून घरची वीज गेली की पेटी बंद, फोन मुका. १२ व्होल्टची छोटी बॅटरी पेटीला लावून घ्या, आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ लावायला एक मोबाइल चार्ज करून ठेवाच.

आणि आपल्या बडोद्यापुरतं एक. फायबरची ती काळी बारीक वायर कुठून आणणार ते विचारा. अगाशीवरून अगाशीवर, म्हणजे गच्चीवरून गच्चीवर टाकली असेल तर उत्तरायणात, संक्रांतीला पोरं मांज्यात अडकलेला पतंग ओढताना वायरही ओढतात. वायरीतली काच दुमडली की प्रकाश गळतो, आणि १५ जानेवारीला सगळ्या गल्लीचे फोन एकदम आजारी. भिंतीलगत क्लिपा मारून आणायला लावा. शंभर-दोनशे जास्त मागितले तर द्या.

कंपनी बदलली की नंबर मात्र बदलेल. मोबाइलचा नंबर कंपनी बदलून सोबत नेता येतो, लँडलाइनचा नाही. १९८७ चा नंबर सोडायला जीव होत नसेल, तर हेच एक कारण मला खरं वाटतं.

महिनाभर दोन्ही फोन ठेवा. मुलीला रात्री नऊलाच नव्यावर फोन करू दे, कारण त्याच वेळी सगळं शहर मोबाइलवर पिक्चर बघत असतं. ऐकायला यजमानांना बसवा, तुम्ही नको. त्यांना ‘काय म्हणालीस?’ आत्तापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं नाही, तर जुना बंद करायचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि १९८७ ची अनामतीची पावती शोधायला घ्या. ती बहुधा देवघराच्या खणात असते.