ऐतिहासिक रहस्यकथा आणि ध्रुवीय मोहिमांच्या आठवणी, एकाच वाचकाला दोन्ही कशा आवडतात?

कुठे जुन्या काळातले खून आणि कुठे बर्फातल्या मोहिमा, असं तुम्ही विचारलंय. मला तरी दोन्हींची ओढ एकाच कारणाने लागली. दोन्हीकडे माणसं कधीच गेलेली असतात. उरतात ते कागद, आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं.

जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) घ्या. पाय मोडून इस्पितळात पडलेला पोलीस अधिकारी पंधराव्या शतकातला गुन्हा तपासायला घेतो: इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डने आपल्या दोन पुतण्यांना खरंच मारलं का? सगळे ज्याचा हवाला देतात तो, रिचर्डचा इतिहास लिहिणारा टॉमस मोर, रिचर्ड गादीवर आला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता! म्हणजे सगळं ऐकीव. रिचर्डला निर्दोष ठरवायची टे यांची घाई मला पटत नाही, पण साक्षीदाराला आधी 'तू तेव्हा कुठे होतास?' हे विचारायची सवय याच कादंबरीने लावली.

ती सवय घेऊन ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेकडे या. १८४५ साली दोन जहाजं आणि १२९ माणसं कॅनडाच्या उत्तरेकडे समुद्री वाट शोधायला गेली, त्यातला एकही परतला नाही. १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत पत्र्याच्या नळीतला एक कागद सापडला. मे १८४७ चा मजकूर म्हणतो, सगळं ठीक आहे. त्याच कागदाच्या समासात एप्रिल १८४८ ची नोंद: फ्रँकलिन ११ जून १८४७ ला वारला, एकूण २४ जण गेले, जहाजं सोडली, उरलेले १०५ जण उद्या निघणार. शिवाय पहिल्या मजकुरात बीची बेटावरच्या हिवाळी मुक्कामाचं सालच चुकलंय: तो १८४५-४६ चा, लिहिलाय १८४६-४७ चा. असं कसं झालं असेल, याचा विचार मी अजून करते. इतका भरलेला कागद कुठल्याही रहस्यकादंबरीत मला भेटलेला नाही. आणि या माणसांचं काय झालं याची जी हकिकत जॉन रे या प्रवाशाने १८५४ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांकडून ऐकून आणली, ती लंडनमध्ये अनेकांनी खोटी ठरवली होती. मोहिमेतलं 'एरेबस' जहाज २०१४ मध्ये सापडलं ते त्यांच्याच सांगण्यातून आलेल्या भागात.

मात्र सगळ्यांत जवळचं पुस्तक अॅप्सली चेरी-गॅरार्ड यांचं 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' (१९२२). १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात, उणे ६० अंशांच्या आसपासच्या थंडीत, अखंड काळोखात चेरी आणि त्याचे दोन सोबती पेंग्विनची अंडी आणायला गेले. पाच अंडी मिळाली, तीन पोचली. वादळात तंबू उडून गेला तो प्रसंग मी एका बैठकीत वाचू शकले नाही. पुढे ते दोन्ही सोबती, विल्सन आणि बोवर्स, मोहिमेचा प्रमुख स्कॉट याच्याबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले, शिध्याच्या ज्या साठ्यापाशी मार्च १९१२ मध्ये चेरी त्यांची वाट पाहत थांबला होता तिथून सुमारे १८ किलोमीटरवर. पुढे जाता आलं असतं का? तो त्यांच्या रोजनिशा पानंच्या पानं उतरवतो आणि त्यांतून हे स्वतःलाच विचारतो. इथे तपास करणारा आणि ज्याचा तपास चाललाय तो एकच माणूस आहे, म्हणून ते वाचताना पोटात गोळा येतो.

सुरुवात टे यांच्या कादंबरीपासून करा, ती छोटी आहे. चेरीचं पुस्तक जाडजूड आहे आणि सुरुवात जहाजाच्या प्रवासात जाते. कंटाळा आला तर सरळ हिवाळी प्रवासाचं प्रकरण काढा, मागची पानं नंतर वाचता येतील.